सौम्य संकर, उग्र चंगळ

श्रीमंतांच्या मोटारीचे इंजिन आणि तिचा सायलेन्सर हा आपल्या साप्ताहिकाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही साथी घेतील. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न दारात उभे असताना कोणा एकाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीचे इंजिन अधिक जोरकस करून घेतले, तर त्यात राजकारण ते काय? माझे मत वेगळे आहे. सार्वजनिक काय आणि खाजगी काय यांमधील सीमारेषा आज कोण सरकवीत आहे, कोणाच्या जिवावर सरकवीत आहे आणि शासन त्यास कसा हातभार लावीत आहे, हे समजून घ्यावयाचे असेल तर या सायलेन्सरकडे पाठ फिरवून चालणार नाही.

नवी मुंबईत वाशी आणि सी. बी. डी. बेलापूर यांना जोडणारा पाम बीच मार्ग आहे. त्याच्या एका अंगाला खारफुटी व खाडी, दुसऱ्या अंगाला सानपाडा, नेरूळ, सीवूड्स येथील इमारती. या सरळ व रुंद मार्गावर मध्यरात्रीनंतर गाड्या भरधाव सोडल्या जातात, ही रहिवाशांची जुनी तक्रार आहे. मीही त्या रहिवाशांपैकीच एक. पूर्वी हा आवाज बहुधा मोटारसायकलींचा असे. अलीकडे त्यात एक निराळा, खर्जातील गडगडाट मिसळू लागला आहे. तो कशाचा, याची चौकशी केली तेव्हा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका गॅरेजात काम करणाऱ्या, आय. टी. आय. झालेल्या तरुणाने मला सारा प्रकार अगत्याने समजावून सांगितला. तो ऐकल्यावर मला वाटले की, अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे जे शिकवीत आलो त्याचे इतके चोख उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते.

हा गडगडाट करणारी आलिशान एसयूव्ही पुष्कळदा ‘माइल्ड हायब्रिड’ असते. मराठीत सांगावयाचे तर सौम्य संकर. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, पावणेचारशेच्या आसपास अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि त्याच्या जोडीला ४८ व्होल्टची एक लहानशी विजेची मोटर, असा हा संसार. मोटरीची बॅटरी सामान्यतः एक युनिट विजेचीही नसते. केवळ तिच्या बळावर ही दोन टनांहून अधिक वजनाची गाडी चालविता येत नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी थोडी ऊर्जा साठवावयाची, सिग्नलला इंजिन बंद ठेवावयाचे आणि गाडी सुटताना इंजिनास हात द्यावयाचा, एवढेच तिचे काम. त्याने इंधनाची काही टक्के बचत होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु बचतीपेक्षा मोठा लाभ आहे तो प्रतिष्ठेचा. गाडीवर ‘हायब्रिड’ हा शब्द झळकतो आणि पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्यांच्या पंगतीत मालकास पाट मिळतो.

आता या गाडीची ‘ट्यूनिंग’ कशी होते ते पाहा. इंजिनात पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, टर्बोने हवा किती दाबाने आत रेटावी, हे सारे गाडीतील संगणक ठरवितो. कारखान्याने त्यात काही राखीव अंतर ठेवलेले असते. उन्हाळा, हलक्या प्रतीचे इंधन, घाटाची चढण, सुट्या भागांचे आयुष्य आणि धुरावरील निर्बंध यांचा विचार करून ठेवलेले ते अंतर असते. ट्यूनिंग करणारा संगणकातील आज्ञावली बदलतो आणि हे राखीव अंतर खर्चून टाकतो. अशा टर्बो इंजिनात नुसत्या आज्ञावलीच्या बदलाने साधारण पंधरा ते पंचवीस टक्के शक्ती वाढते. त्यानंतर पाळी येते एक्झॉस्टची. इंजिनातून निघणारा वायू ज्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो आणि तो कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांना पुष्कळ अंशी निरुपद्रवी करतो. परंतु ही चाळणी वायूच्या वाटेत अडथळा आणते, शक्ती थोडी खाते. म्हणून ती विरळ करावयाची, किंवा काढूनच टाकावयाची. सर्वच गॅरेजे या थरास जातात असे नाही. कित्येक ठिकाणी केवळ मागचा सायलेन्सर बदलून आवाज वाढविला जातो. पण जेथे चाळणी काढली जाते तेथे एक अडचण उद्भवते. तिच्या पलीकडे बसविलेला संवेदक बिघाड ओळखतो आणि चालकासमोर पिवळा दिवा लागतो. त्यावरचा उपाय सोपा आहे. आज्ञावलीत आणखी एक बदल करून तो दिवा लागूच द्यावयाचा नाही! बेकारीविषयीचा २०१७-१८चा पाहणी अहवाल लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत दाबून ठेवणाऱ्या आणि ३१ मे २०१९ रोजी प्रसिद्ध करणाऱ्या सरकारच्या प्रजेस ही युक्ती नवी वाटू नये.

यातील अर्थशास्त्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. तंत्रविद्येने काही बचत केली. ही बचत समाजाच्या पदरात पडावयास हवी होती: स्वच्छ हवेच्या रूपाने आणि आयात तेलाच्या खर्चातील कपातीच्या रूपाने. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, हे विसरता येत नाही. प्रत्यक्षात त्या बचतीचे काय झाले? प्रथम कारखानदाराने गाडी अधिक जड व अधिक बलवान करून तिचा काही भाग खाल्ला आणि उरलेला मालकाने ट्यूनिंग करून उडविला. काटकसरीने कोळसा जाळणारी यंत्रे आली म्हणजे कोळशाचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो, हे जेव्हन्सने इंग्लंडविषयी १८६५ सालीच दाखवून दिले होते. पण ते वाढत्या उत्पादनाविषयी होते. त्या कोळशातून निदान सूत आणि पोलाद तरी निघत होते. येथे जे निघते ते केवळ गडगडाट आहे. व्हेब्लेनने १८९९ साली ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्याचे हे ध्वनिरूप. अलंकार पाहण्यासाठी निदान मान वळवावी लागते. हा अलंकार आपण बिछान्यात डोळे मिटून पडलो असतानाही कानात घुसतो.

नियमांचे काय, असे विचारले जाईल. पी. यू. सी.ची चाचणी आहेच. परंतु पेट्रोल गाडी या चाचणीत जागेवर उभी असते. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत, आज्ञावली तपासली जात नाही, आवाज तर नाहीच नाही. परीक्षेपुरते सज्जन राहणाऱ्या आज्ञावलीचे प्रकरण जगाने २०१५ साली पाहिले आहे. फोक्सवॅगन कंपनीने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली घातल्याचे तेव्हा उघडकीस आले. कंपनीने जे ठोक प्रमाणावर केले तेच आता किरकोळीत विकले जात आहे, इतकाच फरक.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट. म्हणजे ४५ वरून ७५ वर गेलेला आवाज हजारपट ऊर्जेचा असतो. परंतु ही मर्यादा सरासरीवर मोजावयाची असल्यामुळे एका गाडीची क्षणिक गर्जना सरासरीत विरून जाते. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, ती एका क्षणातच मोडते. ज्या हमालास पहाटे बाजार समितीत गोण्या उचलावयाच्या आहेत आणि ज्या परिचारिकेस सकाळच्या पाळीवर हजर व्हावयाचे आहे, त्यांची मोडलेली झोप कोणत्या खात्यावर मांडावयाची?

‘ज्याचा पैसा त्याची हौस’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. एखाद्याच्या कृतीचा खर्च बाजारभावात न येता तिऱ्हाइतावर पडतो तेव्हा बाजार चुकलेला असतो, हे पिगू यांनी १९२० सालीच मांडले आणि ते समाजवादी नव्हते. येथे तर तिऱ्हाइताकडून दुहेरी वसुली होते. तो त्या गाडीचा धूर व आवाज सोसतो आणि ज्या रस्त्यावर ती धावते तो रस्ताही त्याच्याच त्यागातून झालेला असतो. या नगरीचा जमाखर्च विसरू नये. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातील शेतकरी न्याय्य मोबदल्यासाठी उभे राहिले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पाम बीच मार्गालगत सारसोळे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावे आजही आहेत. सार्वजनिक प्रयोजन या नावाखाली ज्यांची शेते आणि मिठागरे गेली, त्यांच्याच वस्तीशेजारी आज खाजगी पराक्रमाची धावपट्टी उभी आहे.

शासन या व्यवहारात तटस्थ आहे काय? मुळीच नाही. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने विजेवरील वाहनांसाठी ‘फेम’ योजना सुरू केली, तेव्हा माइल्ड हायब्रिड मोटारींनाही तिचे दार उघडे ठेवले होते. काही डिझेल मोटारींस त्यातून गाडीमागे १३,००० रुपये मिळत. हा विनोद १ एप्रिल २०१७ पासून थांबविण्यात आला. पण प्रवृत्ती थांबली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर २८ टक्के जी. एस. टी. आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के कर होता. त्या दिवसापासून तो सरसकट ४० टक्के झाला. त्याच वेळी बसगाड्या, लहान मोटारी व लहान दुचाक्या यांवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा आहे की, एक कोटी रुपये करपूर्व किमतीच्या एसयूव्हीवर दहा लाख रुपये सोडून देण्याची गरज कोणास होती? त्या दहा लाखांत इंजिनाची ट्यूनिंग आणि गर्जणारा एक्झॉस्ट दोन्ही बसतात!

दुसरीकडे शिक्षा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नि:संदिग्धपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कैदेचे कलम कागदावर शोभून दिसते. व्यवहारात उरतो तो दंड. काही लाखांच्या एक्झॉस्टवर पाच हजारांचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, तो परवाना होय.

आणि हा कायदा राबविला जातो तो कोणाविरुद्ध? महाराष्ट्रातील शहरांतून पोलीस दुचाक्यांचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवितात. छायाचित्रे छापून येतात, नागरिक टाळ्या वाजवितात. कानठळ्या बसविणाऱ्या त्या पोरांची बाजू मी घेत नाही. परंतु रोडरोलरखाली सापडते ते लोखंड. संगणकातील आज्ञावली सापडत नाही. हप्त्यावर दुचाकी घेतलेल्या मुलाचा गुन्हा दिसतो व ऐकू येतो. आलिशान गाडीच्या मालकाच्या मुठीत मात्र झडप उघडमीट करणारे बटण असते: पोलीस दिसला की गाडी मांजर, पोलीस मागे पडला की वाघ. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात नोंदणी न झालेल्या आलिशान मोटारीने दोन तरुणांचे प्राण घेतले, तेव्हा जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. कायदा एकच असतो. त्याचे वजन मात्र गाडीच्या किमतीप्रमाणे बदलते.

आता तोच ‘हायब्रिड’ शब्द दुसऱ्या वाहनावर कसा शोभतो ते पाहा. २०१६ साली नवी मुंबई परिवहन उपक्रमाच्या ताफ्यात व्होल्वोच्या पाच हायब्रिड बसगाड्या दाखल झाल्या. शहर बस दर थांब्यावर थांबते आणि पुन्हा सुटते. ब्रेकमधील ऊर्जा साठवून वापरण्याची युक्ती तिच्याइतकी कोणालाच उपयोगी नाही. बस सामान्यतः दीडशे ते तीनशे अश्वशक्तीवर साठ-सत्तर माणसे वाहून नेते. आपली एसयूव्ही पावणेचारशे अश्वशक्तीवर बहुधा एकट्या मालकास नेते आणि तेवढ्यानेही त्याचे समाधान होत नाही. त्या पाच बसगाड्यांच्या पाचशे करण्याचा ध्यास कोणी घेतला नाही. बेलापूर ते पेंधर या सुमारे ११ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि प्रवासी आत बसला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. सार्वजनिक वाहन बारा वर्षे तिष्ठते. खाजगी वाहनाच्या वेगासाठी गॅरेजात दोन दिवसही पुरतात.

या ठिकाणी आपल्याच घराकडे पाहणे भाग आहे. नेत्याच्या स्वागताला सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींची फेरी काढण्यात आपल्या कार्यकर्त्यांनाही भूषण वाटू लागले आहे. मोठी गाडी म्हणजे मोठा माणूस, ही व्याख्या आपणही मुकाट्याने स्वीकारली आहे. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी सामान्य माणसाच्या रोजच्या तीन आण्यांचा हिशेब मांडून पंतप्रधानांवर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली, तेव्हा त्यांचे भांडण एका व्यक्तीशी नव्हते. ज्या देशात बहुसंख्यांस पुरेसे मिळत नाही तेथे वरच्या खर्चास मर्यादा हवी, हे सूत्र ते मांडीत होते. आणि मर्यादेचा अर्थ केवळ वरच्यांचे काढून घेणे असा नाही. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम घातला. पहिल्या वर्गाची गादी त्यांनी ओढून काढली नाही. कोट्यवधींच्या पाठीखालचे लाकूड झाकले. देशाच्या इतिहासात फोमच्या दोन इंचांनी इतक्या लोकांना इतकी झोप क्वचितच दिली असेल. सुखसोयीस समाजवाद्यांचा विरोध असतो, हा अपसमज त्या दोन इंचांनी खोडून काढला आहे. आपला विरोध आहे तो दुसऱ्याची झोप मोडून मिळविलेल्या सुखास.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, तपासणी रस्त्यावरून गॅरेजात आणि आयातदाराच्या गोदामात गेली पाहिजे. चाळणीविना नळ्या व दिवा विझविणाऱ्या आज्ञावल्या विकणारा हा मुख्य आरोपी आहे. पगारावर राबणारा मेकॅनिक नव्हे; त्याच्या हातातील कौशल्य बस आगारांना हवे आहे आणि तेथे त्यास कायम नोकरी मिळाली पाहिजे. दुसरी गोष्ट, पी. यू. सी.च्या वेळी गाडीतील आज्ञावली मूळचीच आहे काय, हे तपासले जावे. यात अशक्य काही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुलै २०२१ पासून ही तपासणी होते. तिसरी गोष्ट, दंड ऐपतीच्या प्रमाणात असावा. फिनलंडमध्ये उत्पन्नावर आधारलेली दंडाची पद्धत १९२१ पासून चालू आहे आणि तो देश त्यामुळे बुडालेला नाही. चौथी गोष्ट, आलिशान गाड्यांवर सोडलेला दहा टक्क्यांचा कर पुन्हा लावून ती रक्कम महानगरपालिकांच्या परिवहन उपक्रमांना बांधून द्यावी.

नवी मुंबईतील साथींनी या कामास उद्यापासूनच लागावे. पाम बीच मार्गालगतच्या सोसायट्या आणि गावठाणे यांच्या एकत्र सभा घ्याव्यात. आजवर ही दोन माणसे एका सतरंजीवर बसलेली नाहीत, ती या निमित्ताने बसतील. पोलीस आयुक्त व परिवहन अधिकारी यांच्याकडे न्यावयाच्या निवेदनात रात्रीच्या गर्जनेची तक्रार असावी, आणि तिच्या शेजारीच तुर्भ्याच्या बाजारातून रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या माथाडी कामगारासाठी बसच्या फेऱ्या वाढविण्याची मागणीही असावी. केवळ पहिली मागणी केली तर ती मध्यमवर्गाची कुरकूर ठरेल. दोन्ही एकत्र मांडल्या, तर तो रस्ता कोणाचा, हा मूळ प्रश्न शासनापुढे उभा राहील.